दादांचा रस्ता

मी राउटर बोलतोय. नाही, तुमच्या घरी टीव्हीमागे धूळ खात पडलेला तो पांढरा, दोन शिंगांचा नव्हे. मी ऑफिसातला, काळा, पत्र्याचा, अंगानं जरा जाडजूड. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, मी भाड्याचा नाही, मालकीचा आहे. या गोष्टीचा मला भारी तोरा होता. आता तो उरला नाही, पण बोलायची सवय काही जात नाही.

मला दादांनी निवडून आणलं. दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांचं मिळून पुस्तकांची पानं लावायचं ऑफिस होतं. मजकूर यायचा, इथं त्याची पानं व्हायची आणि इंटरनेटवरून ती छापखान्याकडे जायची. फाइली जडच्या जड. साध्या लाइनवर त्या रखडायच्या, म्हणून दादांनी फक्त ऑफिससाठी वेगळी, धंद्याची लाइन घेतली. इंटरनेटवरचा तिचा पत्ता कायम एकच, कधी बदलायचा नाही.

लाइन जोडायला आलेल्या माणसानं भिंतीवर एक छोटी पेटी ठोकली आणि मला हातात घेऊन नाक मुरडलं.

"आमचाच राउटर घ्या ना साहेब. स्वतःचा लावलात तर या पेटीपर्यंत आमची जबाबदारी. पुढचं तुमचं तुम्ही बघायचं."

"बघू की," दादा म्हणाले. "घरचाच आहे तो."

घरचाच! बाजारातून खोक्यात बसून आलेल्या माझ्यासारख्याला आणखी काय हवं? त्या एका शब्दावर मी वर्षानुवर्षं राबलो.

दादांनी माहितीपुस्तक उघडून, शेजारचा चहा गार करत मला सगळं शिकवलं. कुणाला आत घ्यायचं, कुणाला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं. धाकटे वैतागायचे. "दादा, माणूस बोलवू या ना. तू कशाला डोकं फोडतोस?"

"अरे, आपल्या घराच्या किल्ल्या आपल्याला नकोत?" दादा म्हणायचे. धाकटे हात जोडून आपल्या खुर्चीकडे जायचे.

मग दादांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांचं बोलणं फक्त त्यांच्या बायकोला, वहिनींना कळायचं. उजवा हात तेवढा शाबूत होता. जरा बरं वाटल्यावर ते चाकाच्या खुर्चीतून ऑफिसात आले आणि एका हातानं टकटक करत त्यांनी माझ्यात एक रस्ता तयार केला. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवरून थेट ऑफिसात. घरचं बटण दाबलं की तो कॉम्प्युटर माझं दार वाजवणार आणि मी उघडणार.

तेव्हापासून रोज सकाळी सगळ्यांच्या स्क्रीनवर दादांच्या नावापुढे हिरवा ठिपका उजळायचा. "दादा आले रे!" पानं लावणारी चष्मेवाली ओरडायची आणि मोबाइल पटकन पर्समध्ये टाकायची. दादा एकेक पान तपासून चुका लाल करून पाठवायचे. वेलांटी चुकली की खाली लिहायचे, "डोळे घरी ठेवून आलात का?" सगळे हसायचे, पण पान दुरुस्त व्हायचं. वहिनी फोनवर सांगायच्या, औषधानं नाही, या पानांमुळे हे उठून बसतात.

पुढे काम वाढलं. लाइन तीच ठेवून धाकट्यांनी तिचा वेग वाढवून घेतला. वेगासोबत कंपनीचा नवा राउटर आला, भाड्याचा, चकचकीत.

"आता सगळी जबाबदारी आमची," लाइनवाला म्हणाला. "तुमच्या डोक्याला ताप नाही."

"हा जुना खोका काढा मग," धाकटे म्हणाले आणि फोनवर बोलत बाहेर गेले.

अहो, दादांचा रस्ता माझ्यात आहे! मला तोंड असतं तर मी केवढ्यानं ओरडलो असतो! वायर निघाली. मोडक्या कीबोर्डांसोबत मी कपाटात जाऊन पडलो.

दुसऱ्या दिवशी ठिपका उजळला नाही, नंतरही नाही. "दादा थकला असेल," धाकटे सगळ्यांना म्हणाले. "विचारायला गेलं तर त्याला वाटायचं, आजारी माणसाला कामाला जुंपतोय. कुणी फोन करू नका." दर रविवारी ते दादांकडे फळं घेऊन जायचे, इकडचं तिकडचं बोलायचे. ऑफिसचा विषय मात्र चुकूनही काढायचे नाहीत. दादाला त्रास नको म्हणून.

दादा काही उठून बसेनात. आणि एक दिवस ते गेले.

त्यांच्या टेबलातला चष्मा न्यायला वहिनी ऑफिसात आल्या. मी कपाटातून ऐकत होतो.

"भाऊजी, एकच विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांना कामातून काढलंत, ते तुमचं बरोबरच असेल. पण सांगून का नाही हो काढलंत?"

"कुणाला काढलं वहिनी?"

"रोज कॉम्प्युटर लावून बसायचे. काही दिसायचं नाही. मी म्हटलं, भाऊजींना विचारते. तर मला म्हणाले, विचारू नकोस, माझ्याकडून चुका राहत असतील, त्याला तोंडावर सांगायला जड गेलं असेल. दर रविवारी वाट बघायचे हो, आज तरी तुम्ही काही बोलाल म्हणून."

चष्मेवाली हळूच म्हणाली, "साहेब, दादांनी त्या जुन्या राउटरमध्ये काहीतरी केलं होतं..."

धाकट्यांनी कपाट उघडलं. मला दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि छातीशी धरून हा एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडला. वहिनीही रडल्या. दोघं भाऊ एकमेकांना जपत राहिले आणि त्या जपण्यानंच घात केला.

मला परत जोडताना लाइनवाला पुन्हा तेच म्हणाला, पेटीच्या पुढचं तुमचं तुम्ही बघा. "हो," धाकटे म्हणाले, "आमचंच आहे ते."

एका सकाळी घरच्या कॉम्प्युटरनं माझं दार वाजवलं. मी उघडलं. सगळ्यांच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका उजळला. "दादा आ..." चष्मेवाली सवयीनं म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. घरी वहिनींनी धूळ पुसून बटण दाबलं होतं. धाकटे खुर्ची ओढून बसले आणि त्या ठिपक्याला निरोप म्हणून शब्द पुटपुटत लिहायला लागले, "दादा, तुला काढलं नव्हतं रे."

वहिनी अजून रोज सकाळी बटण दाबतात. घरात तो कॉम्प्युटर बंद बघवत नाही, म्हणतात. मी रस्ता उघडा ठेवतो. तुम्हाला एवढंच सांगणं, कुठलीही वायर ओढण्याआधी तिच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते विचारा. आणि आपलं माणूस अचानक गप्प झालं तर त्यालाही विचारा, त्याला काय वाटेल याचा विचार करत बसू नका. आजवर माझ्यातून ढिगानं पानं गेली, सगळी वेळेवर पोचली. हा एवढा एकच निरोप उशिरा पोचला.