धुराचे जाणकार

दंतवैद्याच्या थोरल्या साडूंना वर्षभरापासून धुराचं वेड लागलं होतं. धूर म्हणजे व्हिस्कीतला. दलदलीतली काळी माती जाळायची, तिच्या धुरावर बार्ली वाळवायची आणि मग त्या बार्लीची दारू गाळायची, ही कथा ते दर रविवारी नव्याने सांगत, आणि ऐकणारे मात्र तेच असत. दंतवैद्याने मनातल्या मनात त्यांचं नाव धुराडं ठेवलं होतं. तोंडावर तो साडूसाहेब म्हणे, कारण त्याची बायको बहिणीच्या संसाराबाबत हळवी होती.

त्या रविवारी साडू स्वयंपाकघराच्या दाराला लागून असलेल्या आपल्या खुर्चीत बसले, ग्लास नाकाशी धरला आणि डोळे मिटले. समोर कोणी फोटोग्राफर असावा असे.

"समुद्र," ते म्हणाले. "ओले दोर. विझलेली शेकोटी. आणि शेवटी, अगदी हळूच, आयोडीन. घ्या डॉक्टर, नाक खुपसा."

दंतवैद्याने नाक खुपसलं. "हा तर माझ्या दवाखान्याचा वास. आठवडाभर हुंगतो मी. आज सुट्टी होती."

दोघी बहिणी खुदखुदल्या.

"जीभ तयार असावी लागते," साडू शांतपणे म्हणाले. "सगळ्यांच्या नशिबात नसतं ते."

आता हे ओल्या दोरांवर घसरणार, हे ओळखून दंतवैद्य सोफ्यात खोल रुतला. तेवढ्यात त्याच्या बायकोने मान वर केली. "ताई, दूध."

दूध तापत ठेवून ताई विसरल्या होत्या. करपल्याचा वास खोलीभर पसरला होता. दोघी आत पळाल्या. भांडं आपटलं, खिडक्या उघडल्या. दंतवैद्याने नाकाला रुमाल लावला. साडू मात्र त्या दाराशीच, खुर्चीत डोळे मिटून सांगतच होते, की चांगला धूर मागून येतो, दबक्या पावलांनी. मग थांबून त्यांनी विचारलं, "कुठे गेल्या ह्या दोघी?"

दंतवैद्य त्यांच्याकडे बघत राहिला. "साडूसाहेब, तुम्हाला वास येत नाही?"

"कसला?"

"कसलाच."

साडूंनी ग्लास खाली ठेवला. "हळू बोला," ते म्हणाले. "मागच्या तापापासून. चहा म्हणजे गरम पाणी. जेवण म्हणजे नुसतं चावणं. मग एकाने ही पाजली. घशात जळाल्यासारखं झालं, काहीतरी लागलं. तेवढंच पोचतं माझ्यापर्यंत."

"आणि ते समुद्र, ओले दोर?"

"खोक्यावर छापलेलं असतं."

दंतवैद्याला हसूही येईना. वर्षभर निगुतीने पोसलेला तिरस्कार या माणसाने एका वाक्यात निकामी केला, याचा त्याला रागच आला.

"ताईंना सांगा," तो म्हणाला. "उद्या गॅस गळला तर तुम्हाला कळणार कसं?"

"सांगितलं की सगळे कीव करतील. आत्ता निदान हसतात."

"तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो."

साडूंनी सांगितलं. ताई रडल्या, त्यांना तज्ज्ञाकडे घेऊन गेल्या. वास परत येईल किंवा येणारही नाही, असं तज्ज्ञाने गंभीरपणे सांगितलं. काही रविवार बाटली निघालीच नाही. साडू गप्प बसून राहत, आणि दंतवैद्य हवापाण्यावर बोलत राही. असला कंटाळा त्याने पूर्वी त्या व्याख्यानांतही भोगला नव्हता. एका रविवारी तर, तुमची ती व्हिस्की खरंच बरी आहे, असं खोटं बोलायचं ठरवून तो निघाला.

पोचतो तो साडू ग्लास हातात घेऊन उभेच होते. शेजारचं जोडपं त्यांच्यासमोर अवघडून बसलं होतं.

"या डॉक्टर. तुमचंच उदाहरण देत होतो," ते म्हणाले. "तुमच्या नाकात वासांची गर्दी फार. साबण, अत्तर, भाजी, सगळं येऊन बसतं. निखळ धूर कळायला नाक रिकामं लागतं. असं नाक लाखात एखाद्याचं."

शेजाऱ्याने आदराने मान डोलावली.

दंतवैद्याने तयार करून आणलेलं वाक्य गिळून टाकलं. कीव कुठल्या कुठे पळाली आणि त्याला एकदम बरं वाटलं. "लाखात कशाला," तो बूट काढत म्हणाला, "माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीलाही अजिबात नाक नाही. तिला पाजून बघू."

आतून ताईंचं हसणं ऐकू आलं. साडूंनी त्याच्याकडे तुच्छतेने बघितलं आणि शेजाऱ्याकडे वळून ते ओल्या दोरांवर आले.