जादूगाराची बारव

लातूर नवा जिल्हा झाला आणि सौदामिनीच्या नवऱ्याची तिथल्या कचेरीत बदली झाली. लातुरात खोली मिळेना, म्हणून बिऱ्हाड जवळच्या मुरुड गावी. त्यात दुष्काळाचं साल. गावाबाहेर तंबूत सिनेमा लागला, तेव्हा शेजारच्या शांतम्मांनी तिला बळंच नेलं.

सिनेमा कसला, नुसती खिचडी! राजपुत्र, दरोडेखोर, भूत, देवीचा चमत्कार, मध्येच लावणी. वाघाच्या पायात चपला पाहून सगळा तंबू हसून लोळला. तिचा चार वर्षांचा दासू मात्र हसला नाही. पडद्यावरचा जादूगार "दगड हो!" म्हणाला की माणसं जागच्या जागी थिजत, तो "सुट!" म्हणेपर्यंत हलत नसत. त्याची गुहा दिसली तसा दासू ओरडला, "आई, ही आपली बारव!"

"हाव की," शांतम्मा म्हणाल्या. "भात्तर सालच्या दुष्काळात पाणी आटलं, तवा हितंच शूटिंग केलतं."

गावची ती पायऱ्यांची जुनी विहीर आताही आटली होती. त्या दिवसापासून पोर जरा नजरेआड झालं की सौदामिनीचा जीव टांगणीला.

"पदराला गाठ मारून ठेव लेकराला," शांतम्मा चिडवायच्या.

एका दुपारी टँकरचा भोंगा वाजला. झोपलेल्या दासूला तसाच ठेवून ती घागर घेऊन धावली. परतली तर वाकळ रिकामी.

कुठं शोधायचं, हा प्रश्नच नव्हता.

खाली, बारवेच्या शेवटच्या पायरीवर दासू उभा होता. पुढच्या पायऱ्या ढासळलेल्या. नुसता काळा खड्डा. त्यात वाकून तो जादूगाराला बोलवत होता. हाक मारावी तर दचकेल, गर्रकन वळेल... मग तिनं कसाबसा घोगरा आवाज काढला.

"दगड हो!"

दासू थिजला. हात पुढं, तसाच.

मागून शांतम्मा धापा टाकत आल्या, "अगं बाई—" तिनं हातानंच त्यांना गप्प केलं. बसत, भिंत चाचपत ती उतरू लागली. टाचेखालून एक धोंडा सुटला, दासूच्या शेजारून खड्ड्यात गेला. आवाज किती तरी वेळानं आला. पोर हललं नाही. तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली आणि मागं ओढलं.

वर आल्यावर शांतम्मा रडता रडता हसल्या. "सोड आता राजपुत्राला!"

"आई," ताठ अंगानं दासू पुटपुटला, "सुट म्हण ना."

त्याला कडेवर घेऊन ती घरी आली, कडी लावली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. कडेवरचं लेकरू तसंच लाकडासारखं ताठ. तरी तेवढा शब्द काही तिच्या तोंडून निघेना.