पिवळ्या तारेवरचा लाल फ्यूज

मित्रांनो, मी एक जुना, जळालेला फ्यूज आहे. लाल रंगाचा, चिंचोक्याएवढा. माझ्या पोटात एक बारीक पट्टी होती. कारखान्यातून निघताना मला एकच काम नेमून दिलं होतं. वीज मर्यादेत असेपर्यंत तिला वाट द्यायची आणि तिनं मर्यादा सोडली की आपण तुटायचं.

पूर्णा गावच्या नचिकेत सरांनी जुनी गाडी घेतली, तेव्हा तिच्यात गाण्यांची सोय नव्हती. त्यांची लहानगी मैत्रेयी गाडीत बसली की रडायची. म्हणून सरांनी परभणीहून स्टिरिओ आणला आणि मोबाइलवर बघून बघून अंगणात स्वतःच बसवला. त्याच्या पिवळ्या तारेवर, एका छोट्या डबीत, मला जागा मिळाली.

शेजारीपाजारी येऊन गाणी ऐकून गेले. स्टिरिओचं कौतुक झालं, सरांचंही झालं. माझं नाव कुणी काढलं नाही. वाईट वाटलं थोडं.

मैत्रेयीची आई, स्वरदाताई, मात्र गाडीत बसताना दरवेळी विचारायच्या, "अहो, तारा नीट झाकल्यात ना?"

"झाकल्यात गं. तुला उदबत्तीचा वास आला तरी आग दिसती."

घरात त्यांना घाबरटच म्हणत.

एका रविवारी सगळे पिंगळीला, मैत्रेयीच्या आजोळी निघाले. बसवताना स्टिरिओ आत ढकलला, तेव्हाच पिवळी तार मागच्या पत्र्याच्या धारेवर दबली होती. प्रत्येक खड्ड्याला ती घासली जायची. मला कळत होतं, पण सांगणार कसं? शेवटी तिच्यातलं तांबं पत्र्याला टेकलं, विजेचा लोंढा आला आणि मी तुटलो. गाणं मध्येच थांबलं.

मैत्रेयीनं भोकाड पसरलं. सरांनी गाडी कडेला घेतली, मला उपसून उजेडात धरलं.

"फ्यूज उडालाय. हिच्या चॉकलेटची चांदी दे इकडं, गुंडाळून बसवतो. घरी बाबा तार बांधतेत की फ्यूजला."

"नको."

"अगं, पोरगी रडायली."

"रडू द्या. आधी हा का जळाला ते बघा."

"स्वस्तातला असंल. तू ना, लय घाबरतीस."

"घाबरते. ती या गाडीत बसती ना."

ताईंनी चांदी मुठीत घट्ट धरून ठेवली. पिंगळीपर्यंत त्या स्वतःच गात राहिल्या, जरा बेसूरच.

आजोळच्या दारात सरांनी स्टिरिओ बाहेर काढला. तारेची साल निघाली होती, पत्र्यावर काळा डाग पडला होता. माझ्या जागी चांदी असती, तर ती तुटली नसती. तारच तापत गेली असती, आत, कुणाला न दिसता. सरांनी त्या डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तार नवी आणतो. फ्यूज पण."

आता माझ्या जागी माझा भाऊ आहे. मी ताईंच्या शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये पडून असतो. परवा ताई डबा उघडून बसल्या होत्या, तेव्हा अंगणातून सरांचा आवाज आला, "निघायच्या आधी तारांवर एक नजर टाक गं."

मित्रांनो, माझं काम झालं, मला जपा असं मी म्हणणार नाही. पण कुठं फ्यूज उडाला, तर त्याच्यावर चिडू नका, त्याच्या जागी चांदी गुंडाळू नका. तो का तुटला, एवढं बघा. आणि घरात कुणी "थांबा, आधी बघा" म्हणत असेल, तर तिच्यासाठी गाडी जरा कडेला घ्या.