रंगवलेल्या कड्या

मित्रांनो, मी एक जुनी गगनचुंबी इमारत आहे. गगनाला मी कधी शिवले नाही, हे आधीच सांगून टाकते. पण माणसांना मोठी नावं द्यायची हौस असते आणि मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

माझ्या लोखंडी तुळया जोडताना खिळे भट्टीत लाल करत. एक कारागीर चिमट्याने तो खिळा वर भिरकावी, दुसरा डब्यात झेली आणि तिसरा ठोकून बसवी. त्या सांगाड्यावर भाजलेल्या मातीच्या, पांढऱ्या झिलईच्या लाद्या चढल्या. दारांना पितळ लागलं. तळमजल्याच्या छतावर निळ्या आणि सोनेरी काचांचं नक्षीकाम झालं. तेव्हा माझ्याएवढं उंच शहरात कुणी नव्हतं. लोक तोंडात बोटं घालून बघत, गच्चीवर येऊन आपलं घर शोधत आणि सापडलं की "अरेच्चा, एवढंसंच?" म्हणून हिरमुसत. माझ्या खोल्यांत वकील होते, टोप्या शिवणारे होते. दातांच्या डॉक्टरकडे निघालेले लोक तर माझी लिफ्ट हळू चालते म्हणून माझे आभार मानत.

नव्याचे नऊ दिवस संपले. समोर काचेच्या इमारती उठल्या. आता माझ्या गच्चीवरून त्यांच्याच खिडक्या दिसतात. भाडेकरू गेले, गळक्या छताखाली बादल्या आल्या आणि मालकांनी कानाडोळा केला.

माझ्या खिडक्या धुणारे बहीण-भाऊ मात्र नेमाने येत राहिले. दोघांचे केस पिकले तरी सगळे त्यांना ताई आणि धाकटा म्हणत. काम वडिलांकडून आलेलं होतं. माझ्या प्रत्येक खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना भिंतीत एकेक लोखंडी कडी आहे. धुणाऱ्याने बाहेरच्या अरुंद पट्टीवर उभं राहायचं, कमरेच्या पट्ट्याची दोन टोकं दोन कड्यांत अडकवायची आणि मागे रेलून काच पुसायची. वडिलांचा एक नियम होता. आतल्या माणसाने हात बाहेर काढून दोन्ही कड्या ओढून बघायच्या आणि मोठ्याने "रेल" म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय बाहेरच्याने मागे रेलायचं नाही.

मग माझी शंभरी जवळ आली आणि मालकांना माझा पुळका आला. रंगारी आले. त्यांनी मला नखशिखांत रंगवलं, कड्यासुद्धा. गंजलेल्या कड्या नव्यासारख्या चकाकू लागल्या. मी छान दिसत होते, खोटं कशाला बोलू?

त्याच आठवड्यात धाकट्याने समोरच्या काचेच्या इमारतीत महिनाअखेरपासूनची नोकरी धरली. तिथे यंत्राच्या पाळण्यात बसून काचा धुतात. ताईला ही गोष्ट लिफ्टवाल्याकडून कळली. तिने अबोला धरला. काम चालू राहिलं, पण न बोलता. "रेल" म्हणणं म्हणजे बोलणंच, म्हणून तेही बंद झालं. ती नुसत्याच कड्या ओढायची आणि तोंड फिरवायची. धाकटा थोडा थांबायचा आणि मग रेलायचा.

समारंभाच्या आदल्या दिवशी ताई एका वरच्या मजल्यावर खिडकीशी उभी राहिली. चकाकत्या कडीकडे तिने नुसतं पाहिलं. कडी ओढून बघणं अजून बाकी होतं. बाहेर धाकटा थोडा थांबला आणि रेलला.

उजवी कडी भिंतीतून निघाली. धाकटा गर्रकन फिरून एका कडीवर लोंबकळू लागला. मी इमारत आहे, मला हात नाहीत. त्या क्षणी या गोष्टीचं फार वाईट वाटलं.

ताईने कंबरेपर्यंत बाहेर वाकून त्याचा पट्टा धरला. "पाय पट्टीवर ठेव. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. हं, ये आता."

तो आत आला आणि भिंतीला टेकून बसला. ताई ढसाढसा रडली.

"मला वाटलं, तू ओढून बघितलंस," तो म्हणाला.

"आणि मला वाटलं, मी ओढून बघेपर्यंत तू थांबशील."

मग ती व्यवस्थापकाकडे गेली. सगळ्या कड्यांचा रंग खरवडून त्या तपासा, म्हणाली.

"अहो ताई, उद्या पाहुणे येणार. भिंतीवर ओरखडे दिसतील."

"दिसू देत की. माझा भाऊ दिसला नसता, ते चाललं असतं का?"

त्यावर व्यवस्थापकाने खरवडायला माणसं बोलावली. शंभरीच्या दिवशी मी अंगभर ओरखडे घेऊन उभी होते. छायाचित्रकारांनी नाकं मुरडली. महिनाअखेरीस धाकटा समोर कामाला गेला. ताईने त्याला अडवलं नाही.

मित्रांनो, जुन्या इमारती तुम्हाला आवडतात, हे चांगलं आहे. आमची छायाचित्रं जरूर काढा. पण त्याआधी आमच्या कड्या, कठडे आणि जिने हलवून बघा, कारण आमच्या अंगावर माणसं चढतात. आणि घरात कुणाशी अबोला धरलात तर धरा, माणसांत तसं व्हायचंच. फक्त ज्याचा जीव तुमच्या एका शब्दावर टांगलेला आहे, त्याला तेवढा एक शब्द द्या आणि मग खुशाल तोंड फिरवा.