अपेक्षानं दारं धरली

कल्पना करा, बाळांनो, की तुमच्या घरातच रान आहे. पुढच्या खोलीत एक वाफा, मागच्या खोलीत दुसरा. दोन्ही तहानलेले, आणि पाणी मात्र एकाच पाटानं येतंय. खोरं तुमच्या हातात दिलंय. कुणीकडं सोडाल पाणी?

नेकनूरच्या अपेक्षापुढं हाच प्रश्न होता. फक्त तिच्या घरात पाण्याच्या जागी इंटरनेट होतं.

मागच्या आठवड्यात वीज कडाडली आणि भिंतीवरची इंटरनेटची डबी भाजली. वायफाय गेलं. एकच खाच जिवंत राहिली. तिच्यात वायर खुपसली की एका लॅपटॉपला नेट मिळायचं. मोबाइलला रेंज यायची ती फक्त गच्चीवर. वायरवाला सटवा म्हणाला, "नवी डबी बीडहून यायला आठ रोज तरी लागत्याल."

घरात लॅपटॉप दोन. एक पुढच्या खोलीत, अपेक्षाच्या वडिलांचा. केदारनाथआप्पा लोकांचे पीकविम्याचे फॉर्म भरून देत. दुसरा मागच्या खोलीत, आईचा. लग्नात सुटलेलं बी.ए. शिवगंगा तेरा वर्षांनी पुरं करत होती. मागच्या साली एक पेपर राहिला होता, तोच आता घरी बसून द्यायचा होता.

त्यामुळं चार दिवस घरात एकच हाक. "अपेक्षा, वायर!" कधी पुढून, कधी मागून. सातवीतली पोर दाराखालून वायर ओढून थकली. आई तर भाकरी थापतानाही पुस्तकावर डुलक्या घेत होती.

शनिवारी तीन ते साडेचार पेपर. आणि विम्याची शेवटची तारीखही शनिवारच.

"आप्पा, दीड तास वायर आईला द्या," अपेक्षा म्हणाली.

आप्पांनी ओसरीवर ताटकळलेल्या सात जणांकडं पाहिलं. "आन् ह्यांना काय सांगू? तारीख गेल्यावर या म्हनू?"

आतून आईचा आवाज आला. "राहू द्या. देईन मी पुढल्या साली."

त्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अपेक्षाला बरं वाटलं असतं. ती गच्चीवर गेली आणि सटवाला फोन लावला.

"वायर आप्पाच्याच लॅपटॉपात राहू दे," सटवा म्हणाला. "सेटिंगमदी जाऊन हॉटस्पॉट चालू कर. मंग आप्पाचा लॅपटॉप स्वतःचं नेट हवेतून आईच्या लॅपटॉपला देतो. पन ध्यानात धर, आप्पाचा लॅपटॉप मिटून झोपला की आईचं बी गेलं."

पंधरा मिनिटं खटपट केल्यावर दोन्हीकडं नेट आलं. ओसरीवर फॉर्मसाठी ताटकळलेले धुळाजी सगळं बघत होते. "म्हंजे पाटाला चारी काढून पानी दोन्हीकडं नेलं म्हना की! मंग चार दिस पोरीला कशापायी पळवलं बे केदार?"

"मला तरी कुटं ठावं होतं, काका?"

"चारी काढली खरी. आता दारं कोन धरनार?"

सगळे हसले. दारं धरणं म्हणजे वाफ्याच्या तोंडाशी उभं राहून पाणी राखणं. जरा नजर चुकली की पाणी भलतीकडं जातं.

पेपर सुरू झाला. पन्नास प्रश्न होते. आईच्या पडद्यावर सूचना होती, संपर्क एकदा तुटला तर चालेल, दुसऱ्यांदा तुटला की पेपर आहे तसा जमा होईल.

पावणेचारला आप्पा पाणी प्यायला उठले. दहाव्या वर्षापासून ते वडिलांच्या किराणा दुकानात बसलेले. वडिलांनी शिकवलं होतं, बैठक सोडताना गल्ल्याचं झाकण मिटायचं, त्याला हात लावून कपाळाला लावायचा. दुकान गेलं, हात तसाच राहिला. आप्पांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि हात कपाळाला लावला.

"अगं, गेलं की!" आतून आई ओरडली.

अपेक्षा धावत आली. झाकण उघडलं, हॉटस्पॉट पुन्हा लावला. नेट यायला दोन मिनिटं गेली. आई हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. एकोणीस प्रश्न उरले होते.

"आप्पा, आता झाकण लावू नका. आणखी एकदा तुटलं तर पेपर संपला."

"मुद्दाम लावतो का गं? हात आपसूक जातो," आप्पा ओशाळून म्हणाले.

मग अपेक्षा त्यांच्या शेजारीच बसली. अभ्यासाची वही उघडली, पण डोळे मिटायला लागले. तिनं एक हात लॅपटॉपच्या बटणांच्या कडेला ठेवला.

चार वाजून वीस मिनिटांनी धुळाजींचा फॉर्म गेला. तो शेवटचा होता. आप्पांनी डोळे चोळले. "झालं बाबा एकदाचं," ते म्हणाले, आणि उठता उठता त्यांचा हात झाकणाकडं गेला.

ओरडायला वेळ नव्हता. अपेक्षानं बोटं मध्ये घातली. झाकण येऊन बोटांवर थांबलं.

आप्पांनी बोटांकडं पाहिलं. मागच्या खोलीतून आईच्या बटणांचा आवाज येत होता, हळू, पण येत होता. त्यांनी झाकण वर केलं.

अपेक्षानं बोटांवर एकदा फुंकर घातली, आणि ती परत तिथंच ठेवली.