घरात एकही दोष नव्हता

विकायच्या घरांची किंमत लावणाऱ्या सल्लागारबाईंनी बैठकीच्या खोलीत मधोमध एक गोटी ठेवली आणि सगळे श्वास रोखून तिच्याकडे बघत राहिले. गोटी हलली नाही. बाईंनी ती उचलून कोपऱ्यात ठेवली, तर तिथेही ती शहाण्या मुलासारखी जागच्या जागी बसली. मग त्यांनी आतलं दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. दाराने हूं की चूं केलं नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तशा खालच्या आवाजात म्हणाल्या, "घर पंचेचाळीस वर्षांचं आहे, पण अंगावर एक सुरकुती नाही. याला किंमत कोण देणार?"

घराच्या मालकीणबाई, म्हणजे ताई, यांनी गोटी उचलून बाजूला ठेवली. त्यांच्या यजमानांनी मात्र कपाळाला हात लावला. समोरच्या घराला वरपासून खालपर्यंत एक तडा होता, जिन्याची एक पायरी दुसरीसारखी नव्हती, आणि ते घर मागच्याच महिन्यात दुप्पट किमतीला गेलं होतं. घेणाऱ्यांनी म्हणे तड्यावर हात फिरवून डोळे पुसले होते. तेव्हापासून यजमानांना रात्रीची झोप नव्हती.

"हे घर बांधलं कुणी?" बाईंनी विचारलं.

"मी," दाराजवळच्या स्टुलावरून आवाज आला.

सगळ्यांनी मिस्त्रींकडे वळून बघितलं. त्या बघण्यात इतका आरोप होता की दुसरा कुणी असता तर उठून चालता झाला असता. मिस्त्री उठले नाहीत. उलट त्यांची मान आणखी ताठ झाली. सत्तरी गाठलेला माणूस, अंगाने काटकुळा, आणि आयुष्यभर एकाच गोष्टीचा अभिमान बाळगलेला. लोक त्यांना 'ओळंबा' म्हणत. दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे की नाही ते बघायचं साधन म्हणजे ओळंबा, आणि मिस्त्रींनी तो तीस वर्षांपूर्वी फेकून दिला होता. नुसती नजर टाकली की भिंत किती बाहेर आहे ते ते सांगत, आणि ते कधी चुकत नसत. गेली चार वर्षं त्यांना कुणी कामाला बोलावलं नव्हतं. लोकांना आता सरळपणाची कदर राहिली नाही, असं त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं, आणि आज समोर पुरावाच आला होता.

"काका, रागावू नका," ताई म्हणाल्या. घर बांधलं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या आणि दिवसभर मिस्त्रींच्या पायात पायात करायच्या. "बाई म्हणतात, घराला थोडं व्यक्तिमत्त्व हवं. त्या कामासाठीच तुम्हाला बोलावलंय."

"व्यक्तिमत्त्व माणसाला असतं. घराला पाया असतो," मिस्त्री म्हणाले. पण कामाला ते हो म्हणाले. चार वर्षं घरी बसून बायकोच्या डब्यांची झाकणं सरळ करण्यात घालवलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात जे सुरू झालं त्याला दुरुस्ती म्हणावं की काय म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आधी नळवाला आला. त्याने छताच्या आतून एक बारीक नळी फिरवली आणि स्वयंपाकघरात तिची चावी बसवली. चावी पाव फिरवली की बैठकीत ओल येई, अर्धी फिरवली की थेंब पडत. "दोन वर्षांची हमी आहे," तो छाती पुढे काढून म्हणाला. "गळायची थांबली तर पैसे परत." मग सुतार आला आणि आठ दिवस दारं कुरकुरायला शिकवत बसला. यजमान प्रत्येक दारापाशी कान देऊन उभे राहत. निजायच्या खोलीचं दार त्यांना जरा गंभीर हवं होतं. पुढच्या दाराचा आवाज मात्र पाहुण्याला ऐकू जाईल पण शेजाऱ्याला झोंबणार नाही, असा बसवायचा होता. सुतार बिचारा बिजागऱ्या काढून काढून घायकुतीला आला.

मिस्त्रींच्या वाट्याला तडा आला. बाईंनी खडूने भिंतीवर एक वेडीवाकडी रेघ मारून दिली आणि त्या रेघेवर छिन्नी चालवायला सांगितलं. मिस्त्री छिन्नी घेऊन दीड तास भिंतीसमोर उभे होते. त्यांना ते जमेना. आपणच वाढवलेल्या लेकराला चिमटा काढायला सांगावं तसं त्यांना झालं. शेवटी यजमानांनी वैतागून त्यांच्या हातातली छिन्नी घेतली आणि स्वतः तडा पाडला, बराच हौसेने. दुपारी घरातली माणसं बाहेर गेली तसे मिस्त्री उठले, माल कालवला आणि तडा बुजवून टाकला. जाता जाता दारांच्या बिजागऱ्यांत तेलही सोडलं.

हे सलग चार दिवस चाललं. सकाळी यजमान तडा पाडत, दुपारी मिस्त्री बुजवत. सकाळी सुतार दार कुरकुरतं करून जाई, दुपारी ते गप्प होई. सुतार देवभोळा होता. तिसऱ्या दिवशी त्याने घरात काहीतरी आहे असं जाहीर केलं. हे ऐकून बाई एकदम हरखल्या आणि घराची किंमत त्यांनी आणखी थोडी वाढवून लावली. चौथ्या दिवशी ताई पाकीट विसरल्या म्हणून परत आल्या, आणि मिस्त्री तेलाची बाटली घेऊन दारामागे उभे असलेले त्यांना सापडले.

संध्याकाळी घरात पंचायत बसली. बाई, यजमान, ताई एका बाजूला आणि मिस्त्री एकटे एका बाजूला.

"तुम्ही आमचं नुकसान करताय," यजमान म्हणाले.

"साहेब, मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी ताईच्या वडिलांना शब्द दिला होता. या घरात वाकडं काही राहणार नाही, असा. ते गेले म्हणून शब्द जात नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

मिस्त्रींनी बाईंच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. बैठकीचे दोन भाग करून मध्ये एक भिंत उभी करायची, असं त्यावर लिहिलेलं त्यांना ठाऊक होतं. 'पोट सुटलेली, थकलेली, एका अंगाला कललेली,' असं त्या भिंतीचं वर्णनही होतं. गावातल्या तीन मिस्त्र्यांनी नमुने करून दाखवले होते आणि बाईंनी तिन्ही नापास केले होते. ठरवून केलेला वाकडेपणा लगेच ओळखू येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"ती भिंत मला बांधू द्या," मिस्त्री म्हणाले. "माझ्या पद्धतीने, सरळ. एकदा सरळ भिंत नीट समोर उभी राहिलेली बघा. त्यानंतरही तुम्हाला वाकडीच हवी वाटली तर मी पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही. आणि माझी भिंत सुतभर जरी बाहेर निघाली, तर मी माझ्या हाताने घण घालीन आणि थापी कायमची खाली ठेवीन."

यजमान नाही म्हणणारच होते, पण ताई मध्ये पडल्या. "बांधू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "नाही आवडली तर पाडू." बाईंनीही खांदे उडवले. तसाही चौथा नमुना कुणाकडून तरी करून घ्यायचाच होता.

त्या रात्री मिस्त्री घरी जाऊन बायकोला म्हणाले, "उद्यापासून डबा दे." एवढंच. पण बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि चार वर्षांपूर्वीचा डबा शोधायला माळ्यावर चढली.

काम सुरू झालं. मिस्त्री एक डोळा मिटून बघत, विटेला थापीच्या मुठीने दोन ठोके देत, आणि पुढची वीट घेत. किती दिवसांनी हाताला मालाचा तो थंड ओलेपणा लागत होता. ते खूश होते, अगदी लहान पोरासारखे खूश होते. माल कालवायला यजमान स्वतः उभे राहिले होते. पहिल्या दिवशी त्यांचं तोंड वाकडंच होतं. दुसऱ्या दिवशी भिंत कमरेएवढी झाली तेव्हा ते जरा मागे सरकून बघायला लागले. तिसऱ्या दिवशी भिंत छातीएवढी झाली आणि यजमानांनी मिस्त्रींना बसायला खुर्ची आणून दिली.

"मिस्त्री," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क मऊ झाला होता, "मी तुम्हाला ओळखलं नव्हतं."

मिस्त्री गालातल्या गालात हसले. सरळ कामाची हीच तर खुबी असते, त्यांना वाटलं. समजावून सांगावं लागत नाही, नुसतं उभं करावं लागतं, मग कितीही आडमुठा माणूस असो. चौथ्या दिवशी नळवाला आपली गळती बघायला आला होता, तो भिंतीपुढे थबकला आणि म्हणाला, "वा, मानलं." सुतारही आला. त्याने मान एका बाजूला कलती करून भिंत बघितली, मिस्त्रींच्या पाया पडला आणि निघून गेला. मिस्त्रींना भरून आलं. चार वर्षं आपण उगाच लोकांच्या नावाने बोटं मोडली, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

ताई मात्र चहा घेऊन येत, भिंतीकडे बघत, मग मिस्त्रींकडे बघत. एकदा म्हणाल्या, "काका, माझ्याकडे बाबांचा जुना ओळंबा आहे. देऊ का आणून?"

"मला कशाला तो?" मिस्त्री म्हणाले. "तुझ्या बाबांनीसुद्धा नंतर नंतर लावायचा सोडला होता. म्हणायचे, ओळंब्याचं काय खरं, मिस्त्रींना विचारा."

ताईंनी रिकामा कप उचलला आणि आत गेल्या.

भिंत छताला टेकली, गिलावा झाला, पांढरा हात फिरला. आठवड्याने सल्लागारबाई आल्या. त्या उंबऱ्यातच थांबल्या आणि बराच वेळ त्यांना आत येता येईना. मग त्या हळूहळू पुढे आल्या आणि त्यांनी भिंतीला गाल लावला.

"मिळाली," त्या पुटपुटल्या. "वीस वर्षं मी अशी भिंत शोधत होते."

"बघितलंत ना बाई," मिस्त्री पुढे होऊन म्हणाले. "सरळ म्हणजे काय असतं ते?"

बाई खळखळून हसल्या. यजमानही हसले. नळवाला हसला. किती मिश्कील माणूस आहे, असं सगळ्यांनाच वाटलं. मिस्त्रींनाही आपण काहीतरी छान बोललो असं वाटून तेही थोडे हसले.

"आता कपाट लावून बघू," यजमान म्हणाले, आणि त्यांनी आणि नळवाल्याने मिळून बैठकीतलं उंच कपाट ढकलत भिंतीशी आणलं. कपाटाचा तळ भिंतीला टेकला. वरचं टोक टेकलं नाही. मिस्त्रींनी आधी कपाटाकडे बघितलं. कपाट वाकडं असणार, असं म्हणून ते त्याच्याभोवती फिरून आले. मग त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढले आणि कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घातला.

हात मनगटापर्यंत आत गेला.

तो त्यांनी तिथेच ठेवला. खाली बाई बोलत होत्या. कलणं बघा, म्हणत होत्या, मध्ये पोट कसं सुटलंय बघा, यात एवढीशी बनावट नाही. मिस्त्रींना ते ऐकू येत होतं आणि नव्हतंही. त्यांनी एक डोळा मिटून भिंतीकडे बघितलं. भिंत त्यांना सरळ दिसत होती. अजूनही. आणि आत हात तर हालत होता, इकडून तिकडे, मोकळा. नजर कधी गेली, किती वर्षं झाली, चार की त्याहून जास्त, आणि कुणी कुणी बघून गप्प बसलं होतं, हे सगळं त्यांना स्टुलावर उभ्या उभ्या एकदमच कळलं. आयुष्यात त्यांना एवढी लाज कधी वाटली नव्हती.

ते खाली उतरले. "घण आणा," ते म्हणाले.

"घण?"

"माझा शब्द आहे. सुतभर बाहेर निघाली तर घण घालीन म्हणालो होतो. ही चार बोटं बाहेर आहे."

बाई दोन्ही हात पसरून भिंतीपुढे उभ्या राहिल्या. यजमान त्यांच्या शेजारी. नळवाल्याने तर खाली बसून भिंतीचा तळ कवटाळला, जसं काही घण तिथेच बसणार होता. या एका भिंतीने घराची किंमत अडीचपट झाली होती. पुढचे मागचे चार घरवाले मिस्त्रींचा पत्ता विचारत होते. "असा हात आता राहिलाय कुणाचा?" बाई म्हणाल्या. "आम्हाला तेवढं सांगा, हे जमवलंत कसं?"

मिस्त्रींनी खरं सांगितलं. "वयाने," ते म्हणाले.

पुन्हा सगळे हसले.

बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं की भिंतीवर पितळेची पाटी लागलीच पाहिजे, आणि तिच्यावर मिस्त्रींचं नाव हवं. मिस्त्री खुर्चीवर बसले. पंचेचाळीस वर्षांत शेकडो भिंती उभ्या केल्या होत्या, कशावरही त्यांचं नाव नव्हतं, आणि नसल्याचं त्यांना कधी काही वाटलंही नव्हतं. ताई कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्या हसत नव्हत्या.

"काका, नाव नको असेल तर मी लावू देणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पण पाटी हे लोक लावणारच. काय लिहू सांगा."

मिस्त्रींनी भिंतीकडे बघितलं. "लिही," ते म्हणाले. "ही सरळ बांधायची होती."

बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी एक अक्षर बदलू दिलं नाही. पाटी लागली. आता घर बघायला माणसं येतात, पाटी मोठ्याने वाचतात आणि पोट धरून हसतात. तेवढा वेळ ताई काही ना काही निमित्त काढून आतल्या खोलीत जाऊन उभ्या राहतात.