हजार ग्रॅमचा डबा

मित्रांनो, ज्याच्या पाचाच्या बटणावरचा आकडा बोटांनी पार पुसून गेला आहे, असा मी एक जुना कॅल्क्युलेटर. कारखान्यात पट्ट्यावर माझी हजारो भावंडं होती. ती कुठे गेली, मला ठाऊक नाही. मी मात्र कपडे शिवणाऱ्या एका आईच्या पिशवीत आलो आणि बाजारहाट शिकलो.

आईचा नियम साधा होता. किमतीला वजनाने भागायचं आणि ज्याचं उत्तर लहान, तो डबा उचलायचा. साबणाच्या तीन वड्यांवर एक फुकट, असल्या पाट्यांना ती भुलत नसे. आधी मला बाहेर काढी. आम्हाला पाहिलं की दुकानदार कपाळाला हात लावी. "आल्या वहिनी! आता हे दुकान मलाच महाग पडतंय, असं सांगाल!" शेजारच्या काकू तर सामानाची यादी घेऊन आमच्याकडे येत. खोटं कशाला बोलू, मला शिंगं फुटली होती.

घरात अकरा वर्षांची ताई आणि आठ महिन्यांचं बाळ. बाळाला सगळे पिल्लू म्हणत. आई कामावर गेली की काकू पिल्लूला सांभाळत आणि दुपारी पावडरीच्या दुधाची एक छोटी बाटली पाजत. चारशे ग्रॅमचा डबा बरोबर महिनाभर पुरे.

एकदा दुकानात हजार ग्रॅमचा डबा आला. आईने बटणं दाबली. लहान डबा तीनशे वीसला, म्हणजे ग्रॅमला ०.८. मोठा सातशेला, म्हणजे ०.७. माझं उत्तर अचूक होतं. आई खुशीत मोठा डबा घेऊन घरी आली.

डब्यावर लिहिलं होतं, उघडल्यावर एका महिन्यात संपवा. महिना झाला तेव्हा निम्म्याहून जास्त पावडर उरली होती. काकूंनी विचारलं, "अगं, हा डबा जुना नाही का झाला?"

आईने डब्यात नाक घातलं. "वास चांगला आहे, काकू. एवढी पावडर फेकून कशी देऊ? जीव होत नाही."

पावडर फेकली गेली नाही. नवव्या आठवड्यात पिल्लूला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे खोल गेले आणि रडायचंही त्राण उरलं नाही. आईने त्याला उचललं आणि दवाखाना गाठला. मी पिशवीत तिच्या खांद्यालाच होतो. मला सगळं ऐकू येत होतं आणि माझा काही उपयोग नव्हता.

सलाईन लावून डॉक्टरबाईंनी बाळाच्या खाण्यापिण्याची चौकशी केली. आईने डब्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यानेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार. पण तो डबा आता वापरू नका." आई मान खाली घालून बसली. तिला सांत्वन नको होतं.

पिल्लू चौथ्या दिवशी घरी आलं, हातात घेतलं तर कापसासारखं हलकं. त्या दुपारी ताईने मला घेतलं आणि सातशेला हजाराने नाही, चारशेने भागलं.

"आई, महिन्याभरात आपलं पिल्लू चारशेच ग्रॅम पितं ना? मग हा डबा पावणेदोनने पडला. लहान डब्याच्या दुपटीहून महाग."

आईने मला हातात घेऊन तोच भागाकार पुन्हा केला. मग म्हणाली, "हे मला दुकानात का नाही सुचलं गं?"

मित्रांनो, मलाही नाही सुचलं. आपल्याला खरंच किती लागतं, हे विचारायचं बटण माझ्या अंगावर नाही. माझी धूळ पुसा, सेल बदला, एवढं करा. पण तो प्रश्न मात्र मला हातात घेण्याआधी तुम्हीच विचारा. पिल्लू आता बरं आहे, भिंत धरून उभं राहतं. आता आई लहान डबा आणते, महिना झाला की चिमूटभर पावडर उरली तरी टाकून देते. तरीही सुट्टीच्या दिवशी बाटली भरताना तिचा हात थांबतो, आणि ती काकूंना म्हणते, "तुम्हीच द्या. मला भीती वाटते."